गाडी कोठें सोडावी? अणदूर-नळदुर्गच्या यात्रेकरूंसाठीं कांहीं सूचना

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांत, अणदूर आणि नळदुर्ग हीं दोन शेजारगांवें आहेत. या दोन गांवांत मिळून खंडोबाची एकच मूर्ति आहे. वर्षांतील सुमारें सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरास. स्थलांतराच्या वेळीं देव ठरल्याप्रमाणें परत पोंचविण्याविषयीं दोन्ही गांवांच्या मानकऱ्यांमध्यें लेखी करार होतो, आणि मग पालखी वाजतगाजत निघते. देव अशा रीतीनें पायींच जातो, निदान भक्तांच्या पायांनीं जातो. त्याच्या दर्शनास येणारा मनुष्य मात्र आतां बहुधा मोटारीनें येतो. आणि गांवाच्या शिवेंत शिरतांच त्याच्यापुढें जो पहिला प्रश्न उभा राहतो तो देवाचा नसून गाडीचा असतो.

पूर्वीच्या काळीं हा प्रश्न नव्हता असें नाहीं. पण त्याचें उत्तर सर्वांस ठाऊक होतें. यात्रेला निघालेली बैलगाडी गांवाच्या ऐन मध्यभागीं कोणी नेत नसे. ओढ्याकांठची किंवा गांवाबाहेरील मोकळ्या रानांतील एखादी जागा गाडीतळ म्हणून ठरलेली असे. बैल जुवांतून काढले, चाकाला बांधले, त्यांच्यापुढें कडब्याची पेंढी टाकली, कीं गाडी ‘सुटली’. तेथून पुढें म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सर्वांनीं पायीं जावयाचें. तळ निवडतांना जुना गाडीवान तीन गोष्टी पाही. पाणी जवळ असावें, जमीन घट्ट असावी, आणि निघावयाच्या वेळीं आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीमागें अडकलेली नसावी. मोटारीला ओढ्याचें पाणी लागत नाहीं. परंतु बाकीच्या दोन गोष्टी तिलाही तितक्याच लागू आहेत. फरक पडला तो एवढाच कीं बैल थकत असत आणि मोटार थकत नाहीं. त्यामुळें देवळाच्या पायरीपर्यंत गाडी नेण्याचा मोह चालकाला होतो. आणि शंभर जणांना एकाच वेळीं तो मोह झाला, म्हणजे कोणाचीच गाडी पुढें जात नाहीं आणि मागेंही येत नाहीं.

येथें थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साधारण मोटार उभी राहावयास सुमारें ५ मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण वळण्यास आणि आंतबाहेर करण्यास जी वाट ठेवावी लागते ती धरली, तर हा आंकडा दुपटीवर, २५ चौरस मीटरांवर जातो. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. तेव्हां अगदीं शिस्तीनें लाविल्या तरी एका एकरांत १६० च्या आसपास मोटारी मावतात, आणि हजार मोटारींना सहा एकरांहून अधिक रान लागतें. माणूस, बैल आणि फार तर घोडा यांच्या बेतानें वसलेल्या कोणत्याही गांवठाणांत इतकी मोकळी जागा असूं शकत नाहीं. पंढरपुरास वारकऱ्यांच्या तंबूराहुट्यांसाठीं चंद्रभागेपलीकडे जें मैदान राखलें आहे, तें ‘६५ एकर’ याच नांवानें ओळखलें जातें. मोठ्या यात्रेचा प्रश्न अखेर एकरांनींच मोजावा लागतो, ही गोष्ट त्या नांवावरूनच कळून येते. उलट एस. टी. ची एक गाडी तीन-चार मोटारींची जागा व्यापते खरी, पण तिच्यांतून पन्नास माणसें उतरतात. तींच माणसें पांच-पांच जणांनीं मोटारींतून आलीं तर दहा मोटारी होतात. ज्याच्याबरोबर तान्हें मूल किंवा आजारी माणूस नाहीं, त्यानें यात्रेच्या दिवशीं एस. टी. नें येणें हीच वाहनतळाविषयींची सर्वांत चांगली सूचना होय. ती फारशी कोणी पाळीत नाहीं, म्हणून पुढील सूचना.

यांतील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना हमरस्त्याविषयीं आहे. सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ होय. नव्या क्रमवारीपूर्वीं तो ९ क्रमांकाचा होता. बहुतेक ठिकाणीं आतां तो चौपदरी झाला आहे. रस्ता रुंद झाला कीं त्याच्या कडेला गाडी लावण्यास हरकत नाहीं असें प्रवाशाला वाटूं लागतें. आणि वस्तुतः रस्ता जितका रुंद तितकी त्याच्या कडेला उभी राहिलेली गाडी अधिक धोक्याची. ताशीं ८० किलोमीटर वेगानें येणारें वाहन एका सेकंदांत २२ मीटर पुढें जातें. अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद तरी जातो. तेवढ्यांत ३३ मीटर संपलेले असतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही वाहन थांबावयास आणखी ४० मीटर लागतात. म्हणजे एकूण ७० ते ७५ मीटर. रात्रीं समोरच्या वाहनासाठीं दिवे खालीं केले असतां उजेड जेमतेम ४०-५० मीटर पडतो. यावरून हें उघड होतें कीं दिवे न लावतां कडेला उभी केलेली गाडी मागून येणाऱ्या चालकाला दिसेल तेव्हां थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. लादलेल्या ट्रकची गोष्ट तर याहूनही वाईट.

कायदाही याच अनुभवावर उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १२२ व्या कलमाप्रमाणें इतरांस धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीनें सार्वजनिक रस्त्यावर वाहन सोडून जाण्यास मनाई आहे. आणि २०१७ सालच्या वाहनचालनविषयक नियमांत, जेथें वेगमर्यादा ताशीं ५० किलोमीटर किंवा अधिक आहे अशा रस्त्यावर, तसेंच चौकापासून ५० मीटरांच्या आंत वाहन उभें करूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. पादचाऱ्यांची वाट, वळणें, अरुंद रस्ते, एस. टी. चा थांबा, शाळेचें व रुग्णालयाचें प्रवेशद्वार हींही त्यांत आलीं. हमरस्त्यावरून अणदूरकडे किंवा नळदुर्गकडे वळणारा फांटा हा असाच चौक असतो. ‘जरा फुलें घेऊन येतों’ म्हणून फांट्यावर सोडलेली गाडी हीच तेथील कोंडीची सुरवात.

गाडी हमरस्त्यावरच नादुरुस्त झाली तर ती होईल तितकी डांबराबाहेर घ्यावी, चारही कोपऱ्यांचे दिवे लुकलुकते ठेवावेत, आणि चमकता त्रिकोण सुमारें ५० मीटर मागें ठेवावा. माणसांनीं डाव्या बाजूच्या दारानें उतरून रस्त्यापासून दूर उभें राहावें; गाडीच्या आडोशाला बसून डबा सोडूं नये. आपल्याकडे बिघडलेल्या वाहनाभोंवतीं दगड मांडण्याची चाल आहे. वाहन दुरुस्त होऊन निघून जातें आणि दगड तेथेंच राहतात. पुढें त्यांवर आदळून रात्रींच्या वेळीं एखादा दुचाकीस्वार पडतो, त्याला हे दगड कोणी व कशासाठीं मांडले हें कधींच कळत नाहीं. चौपदरी रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते ती अशी, कीं गाडी एका बाजूला लावून सगळें कुटुंब दुभाजक ओलांडून पलीकडे जातें. मोठी माणसें पहिल्या दोन पदरांकडे नीट पाहतात आणि दुभाजकापर्यंत पोंचल्यावर निर्धास्त होतात. मूल तेवढ्यांत हात सोडून पुढें धांवतें. गाडी देवळाच्या बाजूस वळवून घेण्यास चार-पांच मिनिटें अधिक लागलीं तरी तीं लावावींत.

हमरस्ता सोडल्यावर गांव येतें. अणदूरसारख्या गांवांतील रस्ता हा केवळ यात्रेकरूंचा नसतो. त्यावरून ऊंस घेऊन निघालेला ट्रॅक्टर जातो, शाळेचीं मुलें जातात आणि आजारी माणसालाही त्याच वाटेनें न्यावें लागतें. हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेनें अणदूर येथूनच ‘भारतवैद्य’ या नांवाच्या गांवोगांवच्या आरोग्यसेविकांचें काम उभें केलें आणि त्यामुळें हें गांव महाराष्ट्रांत परिचित झालें. भोंवतालच्या खेड्यांतून बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला शेतकरी ज्या वाटेनें आणावयाचा, ती वाट एखाद्या दर्शनार्थ्याच्या गाडीनें अडून राहावी यापरतें दुर्दैव नाहीं. गल्लींत गाडी न्यावीच लागली तर ती लाविल्यावर मालकानें चार पावलें मागें जाऊन पाहावें: रुग्णवाहिका येथून जाईल काय? सुमारें दोन मीटर रुंदीचें तें वाहन आरसे व दोन्ही बाजूंची मोकळीक धरून तीन मीटर वाट मागतें. तेवढी राहत नसेल तर गाडी तेथें लावण्यासारखी जागाच नव्हती असें समजावें.

पौष पौर्णिमेला नळदुर्ग-मैलारपूरची महायात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व तेलंगणांतूनही भाविक येतात, आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ च्या गजरांत भंडाऱ्यानें वाट पिवळी होऊन जाते. याच तिथीला सातारा जिल्ह्यांत मांढरदेवच्या काळूबाईचीही यात्रा असते. २५ जानेवारी २००५ रोजीं तेथील अरुंद चढणीवर झालेल्या चेंगराचेंगरींत जवळजवळ तीनशें माणसें दगावलीं. मोटारी हें त्या दुर्घटनेचें कारण नव्हतें. परंतु गर्दी जेथें आंवळली जाते तेथें माणसाला बाजूला सरकावयास जागा हवी, आणि मदतीला आंत येण्यास वाट हवी, हा धडा त्या दिवसानें सर्व यात्रांना घालून दिला. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर लावलेली एक मोटार दोन मीटर वाट खाते. समोरासमोर दोन लाविल्या तर जेथें आठ माणसें खांद्याला खांदा लावून जात होतीं तेथून चारच जाऊं लागतात, आणि मागच्या लोकांना हें ठाऊक नसल्यामुळें तीं पूर्वीच्याच जोरानें पुढें येत राहतात. यात्रेच्या दिवशीं पोलीस वाहनें दूर कां अडवितात याचें कारण हें आहे. त्यांच्याशीं हुज्जत घालून एखादी गाडी पुढें नेणाऱ्यास आपण कांहीं पराक्रम केला असें वाटत असेल. वस्तुतः त्यानें गर्दीच्या नळींत बूच बसविलेलें असतें.

मग गाडी सोडावी कोठें? प्रशासनानें आखून दिलेला वाहनतळ असेल तेथें, तो दूर असला तरी. तो भरला असेल तर एखादें मोकळें रान पाहावें; पण रान मोकळें म्हणजे बेवारशी नव्हे. या भागांत पौषांत शाळू ज्वारी उभी असते, हरभरा घाट्याला आलेला असतो. सोयाबीन किंवा उडीद निघून गेलेलें वावर रिकामें दिसलें तरी त्यांत कांहीं पेरलें आहे कीं काय हें मालकास विचारल्याशिवाय कळत नाहीं. विचारल्यावर मालक बहुधा नाहीं म्हणत नाहीं. फार तर चार पैसे मागतो, ते द्यावेत. सुकलेल्या गवतावर गाडी उभी करूं नये, कारण दूर पल्ल्यावरून आलेल्या गाडीचा खालचा धुराडा चांगलाच तापलेला असतो आणि गवत त्यावर पेट घेऊं शकतें. नैवेद्याची चूल किंवा गॅसची शेगडी गाड्यांच्या ओळीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगास मांडावी.

पावसाळ्यांतील गोष्ट याहून निराळी. त्या दिवसांत प्रवासी येतात ते नळदुर्गच्या किल्ल्यासाठीं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर येथें दगडी बांध घालण्यांत आला आणि त्या बांधाच्या पोटांतच पाणीमहाल बांधला. नदीस भरपूर पाणी आलें म्हणजे बांधावरून ‘नर’ व ‘मादी’ असे दोन प्रपात कोसळूं लागतात आणि आंत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें पाण्याचा पडदा धरला जातो. ही बातमी पसरली कीं सुटीच्या दिवशीं सोलापूर, लातूर, धाराशिवपासून मोटारी लोटतात. जुन्या किल्ल्यांच्या दरवाजांपुढची वाट मुद्दाम वांकडी ठेवीत, ती शत्रूच्या हत्तीला धांव घेतां येऊं नये म्हणून. तेथें दोन मोटारींनीं एकमेकींस वाट द्यावी ही अपेक्षाच चुकीची. तटाला खेटूनही गाडी लावूं नये. चारशें वर्षांचा चुना पावसांत भिजलेला असतो, आणि सुटलेला एखादा दगड गाडीचा मान राखीत नाहीं.

शिवाय या मुलखांतली जमीन काळी. उन्हाळ्यांत ती दगडासारखी टणक असते आणि तिला भेगा पडतात. पाऊस पडला कीं तीच पाणी पिऊन फुगते व लोण्यासारखी मऊ होते. सकाळीं सहज आंत गेलेली मोटार दुपारच्या सरीनंतर आंसापर्यंत रुतलेली सांपडते, आणि मग ट्रॅक्टर शोधीत फिरावें लागतें. तांबूस, मुरमाड, किंचित् उंचवट्याची जागा पाहावी. पायाची टांच दाबून पाहिली व ती आंत गेली नाहीं तर चाकही सहसा जात नाहीं. नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रांतील वाळू कितीही सोयीची वाटली तरी तेथें गाडी सोडूं नये. आपल्या डोक्यावर ऊन पडलेलें असतां वरच्या अंगास झालेल्या पावसाचा लोंढा येऊं शकतो.

अणदूर-नळदुर्गचा प्रवासी पुष्कळदां तुळजापुरासही जातो. तेथें डोंगरउताराचें शहर आणि देवीचें मंदिर पायऱ्या उतरून खालीं. अर्थात् मोटार महाद्वाराशीं नेऊन कांहींच साधत नाहीं, चालावयाचें तें चालावेंच लागतें. शारदीय नवरात्रानंतर आश्विन पौर्णिमेस सोलापुराकडून इतके लोक पायीं येतात कीं सोलापूर-तुळजापूर हा सुमारें ४५ किलोमीटरांचा रस्ता त्या दिवसांत वाहनांस बंद ठेवून वाहतूक दुसऱ्या मार्गांनीं वळवावी लागते. निघण्यापूर्वीं जिल्हा पोलिसांची सूचना वर्तमानपत्रांत पाहून घ्यावी. नाहीं तर निम्म्या वाटेवरून परत फिरण्याची पाळी येते.

गाडी वेशीबाहेर ठेवण्याची कल्पना कांहीं नवी नाहीं. रोम शहरांत ज्यूलियस सीझरच्या काळीं, इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास, दिवसाउजेडीं बहुतेक मालगाड्यांस शहरांत मनाई करण्यांत आली. गाड्या रात्रीं येऊं लागल्या, आणि पुढें तेथल्या कवींनीं झोंप मोडल्याची तक्रार केली. उपाय केला कीं नवी तक्रार यावयाचीच. आपल्या माथेरानास तर दस्तुरी नाक्यापलीकडे प्रवाशांच्या मोटारी जातच नाहींत. तेथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावरून किंवा १९०७ पासून सुरू असलेल्या छोट्या आगगाडीनें जावें लागतें. आणि एवढ्यासाठीं माथेरानला जावयाचें कोणी टाळलें आहे असें दिसत नाहीं. लांबचा तळ लोकांना नकोसा वाटतो तो बहुधा अंतरामुळें नव्हे, तर वाटेंत सांवली नसते, पाणी नसतें, आणि म्हातारीला बसवून नेणारी रिक्षा नसते म्हणून. या तीन गोष्टी ज्या गांवानें केल्या त्या गांवाला पोलिसांची काठी फारशी वापरावी लागणार नाहीं.

एक गोष्ट मात्र तळ जवळ असो कीं दूर, कधींही करूं नये. मूल झोंपलें आहे, आजीबाईंना चालवत नाहीं, म्हणून त्यांना बंद गाडींत ठेवून जाऊं नये. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या आंतील उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें दहा अंशांनीं वाढते, आणि अर्ध्या तासांत त्याच्या दुपटीकडे जाते. सोलापूर-धाराशिवकडे चैत्र-वैशाखांत बाहेरच ४० अंश असतात. कांच दोन बोटें खालीं ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. दर्शनाची रांग किती लांब आहे हें गाडी बंद करतांना कोणालाच ठाऊक नसतें. ज्याला आंत नेतां येत नाहीं त्याच्याजवळ एका जाणत्या माणसानें सांवलींत, गाडीबाहेर बसावें, आणि पहिला मनुष्य परत आल्यावर त्यानें जावें.

शेवटीं परतीची गोष्ट. गाडी लावतांनाच तिचें तोंड बाहेरच्या वाटेकडे करावें. येतांना सावकाश मागें घेणें सोपें, रात्रीं गर्दींत घेणें कठीण. मोटारी अंधारांत सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून जवळचें झाड, खांब किंवा दुकानाची पाटी घरांतल्या दोघांनीं तरी लक्षांत ठेवावी, आणि चुकामूक झाली तर भेटावयाचें ठिकाण गाडी नसून तीच पाटी ठरवावी. समोरच्या कांचेवर आपला दूरध्वनि क्रमांक लिहून ठेवला तर मागें अडकलेल्याला ध्वनिक्षेपकावरून आपला शोध घ्यावा लागत नाहीं. पालखी पाहून पहांटेस परतणाऱ्या चालकाचा डोळा हमरस्त्याला लागल्यावर, पहिल्या तासाभरांतच मिटूं लागतो. बाकीचे सर्व त्या वेळीं मागें झोंपलेले असतात. त्यानें तळावरच, कांचा उघड्या ठेवून व इंजिन बंद करून, दोन-तीन तास पडून घ्यावें, चहा घ्यावा, आणि उजाडल्यावर गाडी जुंपावी.